डिंकोला आठवायचे तर त्याचे ठोसे आठवा

दरवर्षी १० जूनच्या आसपास मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये डिंको सिंगच्या आठवणी निघतात. २०२१ साली याच दिवशी तो गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. या आठवणी बहुतेक वेळा तीन गोष्टींभोवती फिरतात. पहिली, तो अनाथाश्रमात वाढला. दुसरी, १९९८च्या बँकॉक एशियाडच्या संघात आपले नाव नाही हे कळल्यावर तो संतापाने शुद्ध हरपेपर्यंत दारू प्यायला, आणि नंतर नाव आले तेव्हा थेट सुवर्णपदक घेऊन परतला. तिसरी, त्याला यकृताचा कर्करोग झाला आणि उपचारांसाठी राहते घर विकावे लागल्याच्या बातम्या आल्या. हे सगळे सांगून झाले की कोणीतरी व्यवस्थेवर संताप व्यक्त करतो आणि पुढच्या जूनपर्यंत विषय मिटतो.

तिन्ही गोष्टी त्याच्याबद्दलच सांगितल्या जातात, पण त्यांत मुष्टियुद्ध कुठेच नाही. ज्याने आयुष्यात कधी रिंग पाहिली नाही त्यालाही त्या सांगता येतात, आणि म्हणूनच त्या टिकल्या. माझे म्हणणे असे आहे की आपण डिंकोला जसे आठवतो तसेच त्याच्यासारख्या खेळाडूंना वागवतो. दया आली की मदत, दया आटली की मदतही आटते. त्याचे ठोसे, त्याच्या पायांची हालचाल, त्याने स्वतःच्या शरीराकडून करून घेतलेले काम आपण लक्षात ठेवले असते, तर त्याच्या औषधपाण्याचा प्रश्न उपकाराचा राहिला नसता. तो केलेल्या कामाच्या मोबदल्याचा प्रश्न झाला असता.

म्हणून आधी बँकॉकबद्दल नीट बोलू.

डिसेंबर १९९८च्या त्या एशियाडमध्ये भारताने ७ सुवर्णपदके मिळवली. मराठी वाचकाला त्यातले एक पक्के आठवते: खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली हॉकी संघाने ३२ वर्षांनी जिंकलेले. त्याच स्पर्धेत मणिपूरच्या सेक्टा गावचा, विशीही न गाठलेला डिंको बँटमवेट गटात, म्हणजे ५४ किलोत, उतरला होता. हा गट त्याला नवा होता. त्याआधी काही महिन्यांपर्यंत तो ५१ किलोत खेळत होता. तीन किलो म्हणजे काय मोठेसे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण हलक्या वजनगटांत तीन किलोने प्रतिस्पर्ध्याचा हात लांब होतो, खांदा रुंद होतो आणि तोच ठोसा जास्त लागतो. खालून वर आलेल्या मुष्टियोद्ध्याला अंतर कापून आत शिरावे लागते, आणि आत शिरताना समोरच्याचे हात झेलावे लागतात.

उपांत्य फेरीत त्याच्यासमोर थायलंडचा सोन्ताया वोंगप्रातेस होता. जागतिक क्रमवारीत वरचा, आणि बँकॉक हे त्याचे घर. थायलंडमध्ये मुष्टियुद्ध हा गावागावांत रुजलेला खेळ आहे. तिथला प्रेक्षक जाणकार असतो आणि आपल्या माणसाच्या प्रत्येक ठोशाला आवाज देतो. त्या आवाजात डिंकोने वोंगप्रातेसला हरवले. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा तिमुर तुल्याकोव्ह होता. सोव्हिएत परंपरेत तयार झालेले उझबेक मुष्टियोद्धे तेव्हा आशियात सर्वांत शिस्तबद्ध मानले जात. ही लढत पूर्ण झालीच नाही. चौथ्या फेरीनंतर तुल्याकोव्हला माघार घ्यावी लागली.

या शेवटाचे मोल कळायला त्या काळची गुणपद्धत माहीत हवी. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये पंचांच्या निर्णयांवर इतकी नाचक्की झाली की त्यानंतर हौशी मुष्टियुद्धात संगणकी गुणपद्धत आली. रिंगभोवती पाच पंच बसत, प्रत्येकासमोर दोन बटणे. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबले तरच गुण नोंदला जाई. म्हणजे ठोसा नुसता लागून भागत नसे, तो तिघांना एकाच वेळी स्वच्छ दिसावा लागे. जवळून पोटात मारलेले ठोसे या पद्धतीत बरेचदा वाया जात. त्यामुळे लांबून टिपायचे आणि निसटायचे अशी सावध शैली जगभर फोफावली. आत घुसून मारणाऱ्याला ही पद्धत धार्जिणी नव्हती. डिंको मात्र घुसून मारणारा होता. प्रशिक्षक गुरबक्षसिंग संधू यांच्या संघातला हा सर्वांत आक्रमक पोरगा, पंचांच्या बटणांना अनुकूल नसलेल्या शैलीत खेळून जिंकला आणि अंतिम फेरीत तर गुण मोजायची वेळच त्याने ठेवली नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सांगण्याजोगी गोष्ट ही आहे. दारूची नव्हे.

भारताचा मुष्टियुद्धातला त्याआधीचा एशियाड सुवर्णविजेता शोधायचा तर १९८२च्या दिल्लीपर्यंत, कौर सिंग यांच्यापर्यंत मागे जावे लागते. त्याआधी हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन हेवीवेट सुवर्णे जिंकली, दोन्ही बँकॉकमध्येच. आणि त्याही आधी १९६२ला जकार्तात पदमबहादुर मल्ल. म्हणजे छत्तीस वर्षांत चार माणसे. डिंको त्यातला चौथा, आणि ईशान्येकडून आलेला पहिला.

नंतरच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो पहिल्याच लढतीत युक्रेनच्या सेर्ही दानिल्चेंकोकडून हरला. दानिल्चेंकोने पुढे त्या गटात कांस्यपदक मिळवले. दुखापती वाढत गेल्या आणि वरच्या पातळीवरची कारकीर्द फार लांबली नाही. शिखर एकच होते आणि ते लवकर आले. यात खंत करण्यासारखे काही नाही. मुष्टियुद्धात बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

आता आजच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला हे सारे दाखवायचे ठरवा. काय दाखवणार? त्याच्या लढती पूर्ण स्वरूपात सहज सापडत नाहीत. फेरीनिहाय गुण, राष्ट्रीय स्पर्धांतले प्रतिस्पर्धी, किंग्ज कप या स्पर्धेतल्या १९९७च्या विजयाचा तपशील, यातले काहीही एका जागी ठेवलेले नाही. क्रिकेटमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच्या रणजी सामन्याचा धावफलक बसल्या जागी उघडता येतो. व्यावसायिक मुष्टियुद्धातही प्रत्येक लढतीची नोंद असते. मुहम्मद अलीच्या ५६ विजयांची आणि ५ पराभवांची यादी जगात कोणीही वाचू शकतो. आपल्या हौशी मुष्टियोद्ध्यांच्या वाट्याला मात्र पदकाचा रंग आणि साल एवढेच उरते.

अलीचा उल्लेख केला तो मुद्दाम. अलीचे अंत्यसंस्कार त्याच्या लुईव्हिल गावी झाले तीही १० जूनच होती, २०१६ सालची. रस्त्यांच्या दुतर्फा लोक उभे होते, शववाहिनीवर फुले टाकत होते, त्याच्या नावाचा घोष करत होते. त्या आठवड्यात जगभर जे लिहिले आणि बोलले गेले त्यात त्याचा पार्किन्सन होता, व्हिएतनामच्या युद्धावर जायला दिलेला नकार होता, पण त्याबरोबर त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, होता, मागे झुकून ठोसा चुकवण्याची सवय होती, १९७४ला किन्शासात फोरमनला दमवण्यासाठी दोरांना टेकून खाल्लेला मार होता. त्याच्या चाहत्यांकडे खेळाबद्दल बोलायला सामग्री होती, कारण कोणीतरी ती चित्रित करून, मोजून, जपून ठेवली होती. डिंको गेला तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती, लोकांना जमताही आले नाही. ते कोणाच्या हातात नव्हते. पण नोंदी जपणे हातात होते.

त्या का जपल्या गेल्या नाहीत, याचे एक कारण संघटनेच्या इतिहासात आहे. डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने निवडणुकीतल्या गोंधळावरून भारतीय महासंघाला निलंबित केले. मग ती संस्था बरखास्त झाली, दुसरी आली, तीही टिकली नाही, आणि २०१६मध्ये सध्याचा बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभा राहिला. लंडन ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने कांस्य आणल्यानंतरची ही चार वर्षे. ज्या काळात देशात मुष्टियुद्धाची लाट यायला हवी होती त्या काळात खेळाला धड घर नव्हते. घरच नसेल तर जुनी कागदपत्रे, चित्रफिती, गुणपत्रिका कोण सांभाळणार? पदाधिकाऱ्यांच्या भांडणात खेळाडूंची वर्षे गेली याबद्दल आपण बोलतो. त्यात खेळाची स्मृतीही गेली, याबद्दल कोणी बोलत नाही.

आता हक्काच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

डिंको दहा वर्षांचा असताना, १९८९ साली, अंबाला येथे सब-ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेने त्याला हेरले. डोंगराळ, आदिवासी आणि किनारपट्टीच्या भागांतून नैसर्गिक गुण असलेली मुले शोधायची आणि त्यांना घडवायचे, अशी ती योजना. द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक असलेल्या मेजर ओ. पी. भारद्वाज यांच्यासारखा प्रशिक्षक त्याला मिळाला. ही योजना चांगलीच आहे, तिच्याशिवाय डिंको घडलाच नसता. पण तिचा अर्थ काय होतो, ते पाहा. ज्याच्यामागे घर नाही अशा मुलाला सरकार निवडते. त्याने काय खावे, किती वजन ठेवावे, कधी उठावे, कोणाशी लढावे हे सरकारची माणसे ठरवतात. वाढत्या वयात तो वजन उतरवण्यासाठी तहान मारतो. डोक्यावर, बरगड्यांवर, हातांच्या हाडांवर वर्षानुवर्षे मार घेतो. तो जिंकतो तेव्हा झेंडा वर जातो, राष्ट्रगीत वाजते, पंतप्रधान अभिनंदन करतात. हे काम आहे. आणि ज्याच्यासाठी ते केले गेले तो पक्ष सरकार आहे, म्हणजेच आपण सगळे.

एवढे मान्य केले की पुढचे आपोआप येते. ज्याने बालपणापासून शरीर देऊन देशाचे काम केले त्याच्या शरीराची आयुष्यभराची काळजी हा त्या कामाच्या कराराचा भाग असायला हवा. पदक मिळाल्या दिवसापासून, अर्ज न करता, उत्पन्नाचा दाखला न मागता.

आज काय आहे? केंद्राची निवृत्तिवेतन योजना १९९४ पासून आहे. २०१८ साली तिच्या रकमा दुप्पट झाल्या आणि एशियाडच्या सुवर्णविजेत्याला महिना १४ हजार रुपये ठरले. ही रक्कम घरखर्चाला हातभार लावते, कर्करोगाला पुरत नाही. आजारपणासाठी वेगळा निधी आहे, १९८२ साली सुरू झालेला, आता पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने चालणारा राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधी. पण त्याचा पाया विपन्नावस्था हा आहे. खेळाडूने आपण गरीब झालो आहोत हे दाखवायचे, मग निधीने विचार करायचा. ज्याला पद्मश्री दिली त्यालाच पुढे हलाखीचे पुरावे जोडून अर्ज करावा लागतो. योजना आखणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण तिच्यामागची दृष्टी दयेची आहे, आणि ती दृष्टी आपल्याच आठवणींतून आलेली आहे.

कौर सिंग यांची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. संगरूर जिल्ह्यातल्या खनाल खुर्द गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात गेला आणि हातमोजे चढवले तेव्हा वयाने बराच मोठा होता. तरीही १९८०च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, आपल्या मुंबईत, त्यांनी हेवीवेटचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी जानेवारीत मुहम्मद अली भारतभेटीवर आला होता, तेव्हा दिल्लीत चार फेऱ्यांच्या प्रदर्शनी लढतीत त्याच्यासमोर उभे राहिले ते कौर सिंगच. १९८२ला एशियाड सुवर्ण आणि अर्जुन पुरस्कार, १९८३ला पद्मश्री, १९८४ला लॉस एंजेलिस ऑलिंपिक. त्यानंतर ते गावी परतून शेती करू लागले. २०१७च्या अखेरीस बातमी आली की हृदयाच्या उपचारांसाठी त्यांना खासगी सावकाराकडून कर्ज काढावे लागले, आणि एशियाडनंतर पंजाब सरकारने जाहीर केलेले १ लाख रुपये पस्तीस वर्षांत मिळालेच नव्हते. बातमी गाजली, मग केंद्राच्या निधीतून ५ लाख मंजूर झाले, राज्य सरकारही हलले. एप्रिल २०२३मध्ये ते वारले. त्याच सुमारास पंजाबच्या शालेय पुस्तकांत त्यांच्यावर धडा घालण्याचा निर्णय झाला होता. धडा हवाच होता. पण मदत येण्याआधी बातमी यावी लागली, हा त्यातला खरा धडा आहे. ज्यांची बातमी झाली नाही असे राष्ट्रीय विजेते किती असतील, याची यादी कोणाकडेही नाही.

महाराष्ट्राने याबाबत दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याचे कारण नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्य जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. खाशाबा १९८४ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो याचा मला मनापासून आनंद आहे. पण इथेही आपल्याला प्राचार्यांचे गहाण घर पाठ असते आणि खाशाबांचे डाव विचारले तर उत्तर येत नाही.

डिंकोवर परत येतो. २०२०च्या एप्रिलमध्ये देशभर टाळेबंदी होती आणि त्याचे रेडिएशन दिल्लीत व्हायचे होते. इंफाळहून दिल्लीला जायला विमान नव्हते. अखेर महासंघाचे अध्यक्ष अजय सिंग यांनी हवाई रुग्णवाहिकेची सोय केली. ते स्पाइसजेट या विमान कंपनीचेही प्रमुख होते, म्हणून ते जमले. त्यांनी केले त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. मात्र विचार करा: एका एशियाड विजेत्याचा उपचार, महासंघाच्या अध्यक्षाकडे विमान कंपनी असण्यावर अवलंबून राहिला. दिल्लीत पोचल्यावर काविळीमुळे ते रेडिएशन होऊ शकले नाही. मग सुमारे २४०० किलोमीटर रस्त्याने, रुग्णवाहिकेतून, तो इंफाळला परतला आणि तिथे कोरोनाची बाधा झाल्याचे निघाले. तेही त्याने झेलले, त्यातून बरा झाला. वर्षभराने कर्करोगापुढे त्याचे शरीर थकले.

यावर एक आक्षेप हमखास येतो: तो नौदलात होता, नंतर क्रीडा प्राधिकरणात प्रशिक्षक होता, मग त्याला कसली उणीव? आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण नोकरी हा आपल्याकडे खेळाडूंसाठीचा सर्वांत मोठा आधार आहे आणि सैन्यदले, रेल्वे, पोलीस यांनी तो खरोखर दिला आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधून आज जे मुष्टियोद्धे तयार होतात त्यांच्या डोक्यावर पोटाची चिंता नसते, हे मोठे काम आहे. तरीही डिंकोच्या बाबतीत नोकरी असताना घर विकण्याची वेळ आल्याचे आपण वाचले. कारण दुखणे असे की उपचार हजारो किलोमीटर दूर दिल्लीत, पुन्हा पुन्हा जाणे, सोबत माणूस, तिथे राहणे, मध्येच बंद पडणारे उपचार. ईशान्येकडच्या रुग्णाला आजाराच्या खर्चावर अंतराचा खर्च वेगळा पडतो. नुसत्या नोकरीतून हे भागत नाही हे त्याच्याच उदाहरणाने दिसते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. देशात लाखो मजूर, शेतकरी, सफाई कामगार औषधाविना मरतात, मग पदकवाल्यांचे लाड कशासाठी? मी तो नाकारत नाही. सर्वांना उपचार मिळाले पाहिजेत आणि त्या दिवशी खेळाडूंसाठी वेगळे काही मागायची गरज उरणार नाही. तोवर सफाई कामगाराच्या फुप्फुसांची जबाबदारी ज्या तत्त्वाने पालिकेवर येते, त्याच तत्त्वाने मुष्टियोद्ध्याच्या शरीराची जबाबदारी त्याला घडवून वापरणाऱ्यावर येते. दोन्ही मागण्या एकाच जातीच्या आहेत. एकीच्या विरोधात दुसरी उभी करण्यात कोणाचेच भले नाही.

तिसरे बोलणे आक्षेप म्हणून येत नाही, कुजबूज म्हणून येते. यकृताचा आजार म्हटला की माणसे १९९८च्या त्या दारूच्या प्रसंगाशी त्याची सांगड घालतात आणि मान हलवतात. इथे ती गाजलेली गोष्ट किती नुकसान करते ते उघड दिसते. यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यासह अनेक कारणे असू शकतात, आणि एखाद्याच्या आजाराचे निदान त्याच्या एकोणिसाव्या वर्षीच्या एका संतापाच्या रात्रीवरून करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय ती रात्र कशामुळे आली? निवड समितीने त्याला वगळले होते, आणि सुवर्णपदकाने तो निर्णय चुकीचा ठरला. तरी गोष्ट सांगताना दारू उरते, निवड समिती गळून जाते. त्याला का वगळले होते, कोणत्या निकषावर, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. खेळाडूचा स्वभाव चर्चेला घेणे सोपे असते, निवडीची पद्धत चर्चेला घेणे अवघड.

चाहता म्हणून आपल्याकडे थोडीफार ताकद आहे आणि ती आपण वापरत नाही. मणिपूरमध्ये त्याच्या चाहत्यांनी त्याच्या विजयाचे काय केले ते पाहा. मेरी कोमने वेळोवेळी सांगितले आहे की डिंकोच्या बँकॉकच्या सुवर्णाने तिला मुष्टियुद्धाकडे ओढले, तोवर ती धावपटू होती. सरिता देवी त्याच लाटेत आली आणि २००६ला विश्वविजेती झाली. देवेंद्रो सिंगची पिढी त्यांच्यामागून आली. स्वतः डिंको इंफाळमध्ये मुलांना शिकवत राहिला. त्या मुलांनी त्याच्याबद्दल हळहळ केली नाही, त्याच्यासारखा ठोसा मारायचा प्रयत्न केला. माझ्या मते आठवणीचा सर्वांत अस्सल प्रकार तोच.

आणि ज्या भूमीने एवढे दिले तिचे दुःखही चाहत्यांचे असले पाहिजे. मे २०२३मध्ये मणिपूर पेटले तेव्हा मेरी कोमने देशाला मदतीची हाक दिली. पदकाच्या दिवशी त्यांना आपली मुले म्हणणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी त्या दिवसांत आवाज काढला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. क्रीडांगणावर पोहोचण्याआधी मुलाला घरी सुखरूप झोप लागावी लागते.

आता २०३६चे ऑलिंपिक भारतात आणण्याची भाषा चालू आहे. २०२५मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा झाला, त्यात महासंघांच्या कारभाराला शिस्त लावण्याची आणि खेळाडूंना आवाज देण्याची तरतूद आहे. विचारण्याची हीच वेळ आहे. बॉक्सिंग फेडरेशनने आपल्या प्रत्येक माजी राष्ट्रीय विजेत्याची नोंद, जिवंत असेल तर पत्ता आणि प्रकृती, आणि त्याच्या लढतींची मिळतील ती सारी सामग्री गोळा करावी. प्रसार भारतीच्या संग्रहात १९९८च्या एशियाडचे जे काही चित्रण असेल ते लोकांसाठी खुले करावे. क्रीडा मंत्रालयाने कल्याण निधीतली विपन्नतेची अट काढून पदकाबरोबरच आजन्म उपचारांचे ओळखपत्र द्यावे, आणि ते इंफाळपासून दिल्लीपर्यंत प्रवासाच्या खर्चासह चालावे. यातली कोणतीही मागणी सरकारच्या आवाक्याबाहेरची नाही. आंतरराष्ट्रीय पदके जिंकलेल्या हयात मुष्टियोद्ध्यांची संख्या एका सभागृहात मावेल एवढीच आहे.

येत्या १० जूनला डिंकोबद्दल लिहिणार असाल तर तुल्याकोव्हविरुद्धच्या लढतीबद्दल लिहा. जमले तर त्याच दिवशी, त्याच्याच नावाने, मंत्रालयाला आणि महासंघाला एक पत्रही पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहा.